ईमॅक्समधली बटणं: मोंढ्यातल्या पट्ट्यांचं पान

परभणीच्या मोंढ्यात काकांच्या आडतीवर सोयाबीनच्या पट्ट्यांचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबांचं, पान ईमॅक्स या मजकूर-संपादकात होतंच, या टप्प्यात त्याला बटणं आली. प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचं नाव, कट्टे, हमाली-तोलाई जाऊन उरलेली रक्कम आणि शेवटी ‘बाकी’ हे बटण. ते दाबून ‘हो’ म्हटलं की ‘चुकतं’.

बटण म्हणजे इथं वेगळी वस्तू नाहीच, साधा मजकूर आहे. ‘इन्सर्ट-टेक्स्ट-बटण’ त्या मजकुरालाच गुणधर्म चिकटवतं, ‘इन्सर्ट-बटण’ मजकुरावर ओव्हरले म्हणजे वेगळा थर घालतं. पानभर बटणं असतील तर मी पहिलंच घेतो. ईमॅक्स २९ च्या आधी ओव्हरले फार झाले की पान जड व्हायचं, आणि दुकानातला संगणक जुनाच आहे. शिवाय स्वतःचा गुणधर्मही देता येतो, तोही मराठीत: ‘पट्टी’ या नावाखाली क्रमांक ठेवला, ‘ॲक्शन’च्या फंक्शनला बटण मिळतं, त्यातून ‘बटण-गेट’नं तो काढायचा. ईमॅक्सच्या लिस्प भाषेला देवनागरी नावांचं वावडं नाही.

लेबल जागच्या जागी बदलायच्या भानगडीत पडलो नाही. फंक्शन मूळ यादीत खूण करतं, फाइल जतन करतं आणि अख्खं पान नव्यानं छापतं. फक्त कर्सर कुठल्या ओळीवर होता ते आधी धरून ठेवायचं. पान ‘स्पेशल-मोड’वर बेतलेलं असल्यानं वाचण्यापुरतंच, म्हणून छापताना ती बंदी तेवढ्यापुरती उठवायला ‘इनहिबिट-रीड-ओन्ली’ लागतं. टॅबनं पुढच्या बटणावर उडी हवी तर ‘बटण-बफर-मॅप’ही जोडायचा.

खरी गंमत माउसची. नुसतं बटण मधल्या कळीनं किंवा एंटरनं चालतं. डाव्या कळीसाठी ‘फॉलो-लिंक’ला ‘टी’ (लिस्पमधलं ‘हो’) दिलं. माझ्या हातानं झकास. काका आले, माउस धरला, बटण नीट दाबून धरलं, मग सोडलं. काहीच नाही, कर्सर तेवढा तिथं जाऊन बसला.

“हे काय चालना गेलं की रे!”

डावी कळ ४५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त दाबली तर ईमॅक्स समजतं की तुम्हाला तिथं कर्सर ठेवायचाय. संपादकासाठी हे शहाणपणाचंच आहे. पण काका शिक्का मारल्यासारखी कळ दाबतात, त्यांना घाई शिकवण्यात अर्थ नव्हता. ‘माउस-१-क्लिक-फॉलोज-लिंक’ला ‘टी’ केलं, आता कितीही वेळ दाबा.

मराठी नावांमुळे रकाने वाकडे येत होते, कारण जोडाक्षरांची रुंदी ठरीव नसते. जागा मोजून भरण्यापेक्षा प्रत्येक रकान्याआधी एक स्पेस टाकून तिला ‘डिस्प्ले’ गुणधर्मातून ‘अलाइन-टू’ दिलं. सगळी बटणं एका रेषेत आली.

‘चुकतं’ पुन्हा ‘बाकी’ करायची सोय अजून नाही. काकांना ती नकोच आहे, मुनीमजींना हवी आहे. बहुतेक ती वेगळ्या कळीवर देईन, बटणावर नाही.