तुम्ही विचारलंत म्हणून: हामामात्सुतली ब्राझिलियन खानावळ

जपानमधल्या हामामात्सु शहरात नव्याने आलेली मराठी मंडळी पहिल्या-दुसऱ्या भेटीतच मला विचारतात, "इथं इतकी भारतीय हॉटेलं आहेत, मग शनिवारी दुपारी तुम्ही त्या ब्राझिलियन खानावळीतच का जाता? तिथं सळईवर भाजलेलं मांसच असतं ना?" गणपतीच्या जेवणातही हाच प्रश्न आला आणि वाढपाच्या गडबडीत उत्तर अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

आधी सळईचं. शुरास्को, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस, ही मूळची ब्राझीलच्या दक्षिण टोकाची, रिओ ग्रांदे दो सुल भागातल्या गुराख्यांची चीज. आता ती देशभर आवडीने खातात, पण रविवारी, चार पाहुणे आले की. परदेशातल्या मोठ्या झगमगीत हॉटेलांनी तेवढीच उचलली आणि ब्राझीलचं जेवण म्हणजे तेच, असा सगळ्यांचा समज झाला. सोमवार ते शुक्रवार ब्राझिलियन घरात शिजतो तो भात आणि घेवड्याची उसळ, 'अर्रोज' आणि 'फेजांव'. मी जाते ती या जेवणासाठी.

खानावळ स्टेशनपासून लांब, कारखान्यांच्या बाजूला, एका ब्राझिलियन किराणा दुकानाला लागून आहे. पाच-सहा टेबलं, मागे स्वयंपाकघर, मधे पडदासुद्धा नाही. मालकीणबाईंना सगळे 'तिया', म्हणजे मावशी, म्हणतात, म्हणून मीही म्हणते. घेवडा आदल्या रात्री भिजलेला असतो. सकाळी तो लॉरेलची, म्हणजे तमालपत्रासारखी, दोन पानं टाकून कुकरला लागतो. ब्राझिलियन घरात कुकरशिवाय पान हलत नाही. मग तिया दुसऱ्या भांड्यात तेल तापवते आणि ठेचलेला लसूण घालते. किती, तर बघून आपल्या आयांनीही भुवया उंचावाव्यात इतका. तो तांबूस झाला की कांदा. मग कुकरमधला दोन डाव घेवडा त्या भांड्यात ओतून डावाच्या पाठीने रगडून रगडून त्याचा लगदा करते आणि तो सगळा परत मोठ्या पातेल्यात. रस दाट होतो तो एवढ्यावरच. पीठ नाही, साय नाही, वाटण नाही. मोहरी, जिरं, हळद तर नाहीच. मीठ, लसूण, कांदा आणि शिजायला दिलेला वेळ.

भाताचंही तसंच. लसणावर कोरडे तांदूळ परतायचे, वरून उकळतं पाणी. दाणा मोकळा हवा, यात तडजोड नाही. जपानी तांदूळ कितीही उत्तम असला तरी तो चिकट, म्हणून लांब दाण्याचा तांदूळ शेजारच्या दुकानातून येतो. ताटात भात, त्याला लागून घेवडा, बाजूला बारीक चिरून लसणावर परतलेली कोवे नावाची पालेभाजी, कांदा-टोमॅटो आणि व्हिनेगरची कोशिंबीर, एखादा मांसाचा किंवा माशाचा तुकडा आणि वर भुरभुरायला फारोफा. फारोफा म्हणजे लोण्यात परतलेलं कसाव्याच्या कंदाचं जाडसर पीठ. दिसतं भाजलेल्या रव्यासारखं, आणि रसात पडलं की एकदम जीव धरतं. तिखट जेवणात नसतंच. मालागेता मिरच्यांची बाटली टेबलावर असते, ज्याने त्याने आपल्यापुरतं घ्यावं. अशा भरलेल्या ताटाला ते 'प्रातो फेतो' म्हणतात. हजार येनच्या आसपास पोटभर.

आता ही खानावळ जपानमध्ये कशी आली, हे कळल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही. २८ एप्रिल १९०८ला कोबे बंदरातून 'कासातो मारू' हे जहाज निघालं आणि १८ जूनला ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागलं. त्यात ७८१ जपानी माणसं होती, साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला निघालेली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८मध्ये संपली होती. नंतर इटलीतून मजूर येत, पण मळ्यांवरचे हाल पाहून इटलीने १९०२मध्ये फुकट तिकिटावरची ती भरती बंद केली. मळेवाल्यांना माणसं हवी होती आणि जपानच्या खेड्यांत गरिबी होती. पुढच्या काही दशकांत लाखाहून जास्त जपानी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. १९९०मध्ये उलटा प्रवाह सुरू झाला. जपानच्या कारखान्यांना हात कमी पडत होते, ब्राझीलमध्ये महागाईने कहर केला होता. जपानने कायदा बदलून त्या स्थलांतरितांच्या मुला-नातवंडांना इथं राहून कुठलंही काम करायची मुभा दिली. हामामात्सुत सुझुकी, यामाहा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य छोटे कारखाने. म्हणून जपानमधल्या शहरांत सगळ्यात जास्त ब्राझिलियन इथं आहेत.

तियाही त्यांतलीच. आजोबा फुकुओकाकडचे, तिचा जन्म पाराना राज्यातला. ती इथं आली तेव्हा चेहरा जपानी, जीभ पोर्तुगीज. सुट्या भागांच्या एका कारखान्यात रात्रपाळी करायची, आणि बरोबरच्या माणसांना घरचं जेवण मिळत नाही म्हणून डबे करू लागली. पुढे २००८ची मंदी आली. सगळ्यात आधी नोकऱ्या गेल्या त्या याच कंत्राटी लोकांच्या. २००९मध्ये जपान सरकारने परत जाणाऱ्या दर कामगाराला तीन लाख येन आणि घरच्या प्रत्येकाला दोन लाख येन देऊ केले, अट एवढीच की त्याच व्हिसावर लगेच परत यायचं नाही. कितीतरी कुटुंबं गेली. हे सांगताना तियाच्या आवाजात आजही राग असतो, आणि मला तो रास्त वाटतो. ज्यांच्या हातांवर वीस वर्षं कारखाने चालले, त्यांना तिकिटाचे पैसे देऊन वाटेला लावणं बरोबर नव्हतं. तिया राहिली. डब्यांच्या जोरावर तिने ही जागा भाड्याने घेतली.

माझ्या उत्तराचा गाभा इथं आहे. माझे आजोबा वेंगुर्ल्याहून मुंबईला गेले, लालबागला गिरणीत लागले आणि लग्न होईपर्यंत खानावळीत जेवले. गिरणगावातल्या त्या खानावळी बायकांच्या कष्टांवर चालत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. पाळी संपवून आलेला माणूस तिथं मेजवानी मागत नव्हता. त्याला रोजचं जेवण हवं होतं, आणि रोज खाणाऱ्याला फसवता येत नाही. मीठ जरा इकडेतिकडे झालं तर तो उद्या बोलून दाखवतो. हामामात्सुत तिया हेच करते. तिची गिऱ्हाइकं तिच्याच गावाकडची, कारखान्याच्या कपड्यांतच येऊन बसणारी. त्यांना ब्राझील म्हणजे काय हे दाखवायचं नसतं, म्हणून ताटात दिखाऊ काही येत नाही.

इथल्या भारतीय हॉटेलांना मी नावं ठेवत नाही. ती जपानी गिऱ्हाइकासाठी चालतात. भलामोठा नान आणि गोडसर लोण्याची करी त्याला आवडते, तेच ते देतात, आणि त्यात वावगं काहीच नाही. पण आपल्यापैकी कोणाच्या घरी मंगळवारी रात्री नान होतो? मला साधा वरणभात हवा असतो, आणि त्याच्या सगळ्यात जवळचं ताट या शहरात तियाकडे मिळतं.

आणखी एक ओढ आहे, ती कोकणची. तियाकडे काजूच्या बोंडाचं सरबत मिळतं. बाटलीतल्या दाट रसात पाणी घालून देतात. घशाला ती ओळखीची खवखव होते आणि मार्च-एप्रिलमधल्या आमच्या बागेचा वास येतो. काजू मूळचा ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचा, पोर्तुगिजांनी तो सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणला. गोव्याने बोंडांची फेणी केली; आमच्याकडे मात्र बी काढून घेतली की ढीगभर बोंडं झाडाखाली कुजतात, हे बघून मला दरवर्षी वाईट वाटतं. तिकडे त्याचा रस घरोघरी पितात.

आणि उपासाचा साबुदाणा? तो कसाव्याच्याच पिठाचा. कसावा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या मूळ रहिवाशांनी विषारी कंद किसून, पिळून, भाजून खाण्याजोगा केला, फारोफा त्यांच्याच हातचा वारसा. खिचडीतले शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची हेही अमेरिका खंडातूनच आलं. एका एकादशीला मी तियासाठी खिचडी डब्यात घेऊन गेले. तिने एक दाणा बोटांत दाबून पाहिला, हसली आणि आतून गरम पांव दे केजो आणून समोर ठेवले. कसाव्याचंच पीठ, पण आंबवून उन्हात वाळवलेलं, त्यात चीज आणि अंडं मळून केलेले हे लहान गोळे. बाहेरून कुरकुरीत, आतून लवचिक. एकादशी होती म्हणून मी ते घरी नेले आणि द्वादशीला सकाळी चहाबरोबर खाल्ले. शिळेही छान लागतात.

तर यायचं असेल तर हे लक्षात ठेवा. तियाच्या फळ्यावरचा रोजचा बेत साओ पावलोच्या रिवाजाने चालतो: गुरुवारी पास्ता, शुक्रवारी मासे, बुधवारी आणि शनिवारी फेज्वादा, म्हणजे डुकराचं मांस घालून तासन्‌तास शिजवलेला काळा घेवडा. सोबत संत्र्याच्या फोडी देतात, त्या बाजूला सारू नका, त्यांनीच तो जड रस पचतो. शनिवारी दीडच्या आत पोचा, नंतर पातेलं रिकामं असतं. शाकाहारी असाल तर साध्या घेवड्यातही बेकन असू शकतं, म्हणून बसण्याआधी विचारा: "तें कार्नी नु फेजांव?", म्हणजे घेवड्यात मांस आहे का? आदल्या दिवशी फोन केलात तर तिया मांसाशिवायचा वेगळा काढून ठेवते. फोन मी करून देईन, किती जण आहात तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.