ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट हातात, पण एलएलबीला प्रवेश नाही : माझा अनुभव

मराठा लाइट इन्फंट्रीत १७ वर्षं काढून २०२३ला पेन्शनवर आलो. जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट, म्हणजे सेवेच्या जोरावर मिळणारा पदवीसारखा कागद, मिळालं होतं, बारावी आधीच झालेली. तीन वर्षांचं एलएलबी करायचं ठरवलं. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली, निघाली.

गाडी अडली ती कॉलेजच्या खिडकीवर. क्लार्कनं सर्टिफिकेट उलटंपालटं केलं. "मेजर, यात टक्केवारी कुठंय?" एलएलबीला खुल्या वर्गाला पदवीत ४५ टक्के लागतात आणि या कागदावर मार्कच नसतात. "रेकॉर्ड ऑफिसकडून लिहून आणा." अर्ज, स्पीड पोस्ट, रोज फोन. उत्तर आलं, मार्क देता येत नाहीत. मग म्हणे, विद्यापीठाचं समकक्षतेचं पत्र आणा. तिथं या टेबलावरून त्या टेबलावर. साहेब रजेवर, सोमवारी या. २३ दिवस असे गेले आणि तोवर प्रवेश बंद झाले. नाहीच म्हणायचं होतं तर पहिल्या दिवशी म्हणायचं! रांगेत उभं राहायला मी कधीच कंटाळलो नाही, पण माणसाला खोट्या आशेवर पळवू नये.

शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी तोच कागद समोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गट क. दहावी आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्याला हे सर्टिफिकेट मिळतं, ते पदवी लागणाऱ्या गट क नोकऱ्यांसाठी. पुढच्या शिक्षणासाठी नव्हे. इतके दिवस ती ओळ मीही नीट वाचली नव्हती, आणि खिडकीपलीकडच्या कुणीच नाही.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. पहिल्या वर्षाला ६१ टक्के पडले. मार्कलिस्ट आईच्या हातात दिली, तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

पलटणीत असलेल्यांनो, नोकरीतच इग्नूतून किंवा मुक्त विद्यापीठातून बीए उरका. मात्र आधी बारावी करा. बारावीशिवाय थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली तर बार कौन्सिलच्या (वकिलीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमानं एलएलबीला प्रवेश मिळत नाही.

आणि हो, डिस्चार्ज बुकातलं (सेवेतून सुटताना मिळणाऱ्या पुस्तकातलं) नाव बारावीच्या मार्कलिस्टशी आत्ताच ताडून बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं, त्यापायी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.