सिझरआधीचा मास्क: सॅच्युरेशन 100 आहे, मग थांबायचं कशाला?

सिझरसाठी पूर्ण भूल हल्ली क्वचितच लागते. बहुतेकींचं पाठीतल्या इंजेक्शनवर भागतं. लागते तेव्हा मात्र घाईच असते. नाळ बाहेर आलेली, नाहीतर रक्तस्राव थांबत नाही. अशा वेळी पहिली कात्री लागते ती भुलीआधी मास्कने ऑक्सिजन द्यायच्या दोन मिनिटांना, कारण मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 100 दिसत असतं.

ते 100 रक्तातलं आहे. आपल्याला साठा करायचाय फुप्फुसांत, कारण औषध दिल्यावर श्वासनळीत ट्यूब बसेपर्यंत बाईचा श्वास थांबलेला असतो. उच्छ्वासानंतर फुप्फुसांत उरणारी हवा, म्हणजे एफआरसी, दिवस भरत आले की सुमारे 20 टक्क्यांनी घटते, उताणं झोपवलं की आणखी. ऑक्सिजनचा खप उलट 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो, कळांमध्ये त्याहून जास्त. हिशेबापुरती एफआरसी 2 लिटर धरा आणि खप मिनिटाला 300 मिली. साध्या हवेवर त्या 2 लिटरांत ऑक्सिजन असतो जेमतेम 270 मिली. मिनिटभराचाही नाही! तोच 90 टक्के भरला तर 1800 मिली, कागदावर 6 मिनिटं. प्रत्यक्षात एवढी मिळत नाहीत, आणि बाई स्थूल असेल तर फारच कमी.

म्हणून बघायचा आकडा एंड-टायडल ऑक्सिजनचा, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी बाहेर येणाऱ्या हवेतल्या ऑक्सिजनचा: 90 टक्के किंवा जास्त. 100 का नाही? श्वासनळीतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइडही थोडी जागा घेतातच.

सुरुवात टेबलापासून. डोक्याची बाजू 20 ते 30 अंश वर, कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खोबण एका आडव्या रेषेत. अंबाडा असेल तर सोडवा. त्याच्यामुळे मान पुढे वाकते आणि नंतर लॅरिंगोस्कोपलाही (ट्यूब टाकताना घशात बघायचं उपकरण) अडचण होते. उजव्या कुशीखाली उशी देऊन 15 अंश डावीकडे कल, नाहीतर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं.

मग मशीन. आधी फ्लो 10 लिटर किंवा जास्त, एपीएल व्हॉल्व्ह (जादा गॅस बाहेर सोडणारी झडप) पूर्ण उघडा, बॅग भरलेली, आणि त्यानंतरच मास्क चेहऱ्यावर. क्लोज्ड सर्किटवर, म्हणजे उच्छ्वासाचा गॅस पुन्हा फिरवणाऱ्या नळ्यांवर, फ्लो कमी ठेवला तर फुप्फुसांतून बाहेर पडलेला हवेतला नायट्रोजन पुन्हा आत जातो. बेन सर्किट (नळीच्या आत नळी असलेलं) असेल तर आतली नळी तुटलेली नाही ना, हे आधीच तपासलेलं हवं: बॅग भरून पेशंटकडचं टोक मोकळं करा आणि ऑक्सिजन फ्लशचं बटण दाबा, बॅग रिकामी झाली पाहिजे. फुगली तर नळी गळतेय.

बिघडतं बहुधा मास्कच्या कडेशी. तोंडाजवळ नुसता धरलेला मास्क म्हणजे ऑक्सिजनची फवारणी, बाकी काही नाही. गाल आणि मास्क यांच्यातल्या फटीतून प्रत्येक श्वासाला खोलीतली हवा आत येते. नथ-चमकी आधीच काढून घ्या. बाईला सांगून ठेवा, "मास्क घट्ट बसेल, गुदमरल्यासारखं वाटेल, पण हवा येतेय, नेहमीसारखा श्वास घ्या." न सांगता दाबला तर ती मान फिरवणारच. सील नीट आहे याची खूण म्हणजे श्वासागणिक हलणारी बॅग आणि कॅप्नोग्राफवरची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा आलेख) चौकोनी लाट. गॅस मॉनिटर नसेल तिथे बॅग आणि घड्याळ एवढंच हातात.

गरोदरपणात श्वासाचं प्रमाण वाढलेलं असल्यामुळे नायट्रोजन लवकर धुतला जातो. नेहमीच्या 3 मिनिटांऐवजी इथे 2 पुरतात. तेवढीही नसतील तर मिनिटात 8 खोल श्वास. 4 श्वासांचा शॉर्टकट आम्ही करत नाही. मध्ये कोणी "कसं वाटतंय?" विचारायला मास्क उचलला, तर पुन्हा पहिल्यापासून.

मास्कखाली नाकात नळी ठेवून 5 लिटर ऑक्सिजन सुरू ठेवावा. ट्यूब टाकताना मास्क नसतो, तेव्हा तो उपयोगी पडतो. नळीमुळे सील सुटत नाही ना, तेवढं पाहा. हाय-फ्लोचं, म्हणजे नाकातून मोठ्या प्रवाहाने दिलेल्या ऑक्सिजनचं, कौतुक बरंच होतं, पण दिवस भरलेल्या बाईत नुसत्या हाय-फ्लोवर 90 गाठण्याचा भरवसा नसतो. त्या बाबतीत घट्ट मास्कच सरस.

भुलीचं औषध दिल्यावर ते चढेपर्यंत मास्क जागेवरच. पूर्वी या मधल्या वेळात बॅग अजिबात दाबू नका असं शिकवत. 2015 सालच्या ब्रिटिश प्रसूती-भूल मार्गदर्शिकेने तो आग्रह सोडला: क्रायकॉइडवर (गळ्यातली कूर्चा; ती दाबली की अन्ननलिका मिटते) दाब ठेवून, 20 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाखाली हळुवार श्वास देता येतात.