पाणी आलं!

रविवार, रात्रीचे साडेअकरा

सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत बसून आज आम्ही चौघांनी एक कॉम्प्युटर गेम बनवून पुरा केला. खेळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण काही केल्या झोप येईना, म्हणून आजचं आजच लिहून ठेवते.

बसलो होतो सोलापूरच्या साखर पेठेत, मित्राच्या घरी. खाली चार यंत्रमाग, वर राहायचं. एका दिवसात गेम करायचा हे खूळ डोक्यात दोन वर्षांपासून होतं. जगभर असे गेम जॅम, म्हणजे ठरावीक वेळात गेम बनवायचे मेळावे भरतात. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, त्यात ४८ तासांत एकट्यानं अख्खा गेम उभा करणारे लोक आहेत. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून होतो. आम्हा चौघांना सलग दोन दिवस मोकळे मिळणं मुश्किल, म्हणून एकच रविवार धरला आणि अटही एकच घातली: खेळताना सोलापूरचा माणूस हसला पाहिजे.

विषय काही सुचेना. कुणी गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा म्हणालं, कुणी कडक भाकरी तबकडीसारखी फेकायची म्हणालं. तेवढ्यात खालून मित्राच्या आजींची हाक आली, "नीळ्ळु वच्चिनय!" आम्हा तिघांना तेलुगू येत नाही, पण पूर्व भागात, या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, वावरणाऱ्या कुणालाही एवढे दोन शब्द कळतात. पाणी आलं. लॅपटॉप उघडे टाकून चौघंही जिना उतरलो. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, मधे काही दिवस जातात, त्यामुळे ही हाक ऐकली की पाय आपोआप धावतात. पाऊण तास भरणं चाललं. घागरी, कळश्या, बादल्या, पिंप, मग कुकर, मग डब्यांवर पाळी आली. शेवटी धार करंगळीएवढी झाली तरी मैत्रीण नळाखाली फुलपात्र धरून बसलेली. तिच्याकडे बघितलं आणि चौघांच्याही तोंडून एकदम निघालं, हाच गेम!

ठरलं ते असं. नळाला नव्वद सेकंद पाणी. नातवाला पळवत एकेक भांडं नळाखाली आणायचं, भरलं की सरकवायचं. सांडलं तर आजी चप्पल फेकणार.

कोड माझ्याकडे होता. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे, अर्जेंटिनातल्या दोघा जणांनी २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरही बिनतक्रार चालतं. पहिला तास छान गेला. मग पाणी घागरीतून आरपार जायला लागलं. थेंब पडतोय, घागर जागेवर आहे, आणि पाणी मात्र जमिनीवर. अर्धा तास मी तिथंच अडकले. कारण सापडलं ते असं. थेंब कुठं पोचला हा हिशेब सेकंदाला ६० वेळा होतो, एकेक पाऊल टाकल्यासारखा. माझा थेंब सेकंदाला १२०० पिक्सेल पडत होता, म्हणजे दर पावलाला २०. घागरीचा तळ होता ८ पिक्सेलचा. एका पावलाला थेंब तळाच्या वर, पुढच्या पावलाला खाली, मधल्या जागेत तो कधी नव्हताच. मग न दिसणारा ४० पिक्सेल जाड तळ बसवला. घागर भरली.

चित्रांचं मात्र अडलं होतं. मैत्रिणीचा हात कागदावर सुंदर चालतो, पण ३२ बाय ३२ चौकोनांत तिला आजी बसवता येईना. कधी बाहुली दिसायची, कधी बाटली. मित्राचे वडील चहा घेऊन वर आले, स्क्रीनवरची जाळी बघून थांबले. काका जेकार्ड चादरीची डिझाइनं काढतात. आयुष्यभर ग्राफ पेपरावर घर भरायचं की मोकळं ठेवायचं, हेच काम. "हे तर आमचंच की," म्हणाले आणि ग्राफची वही काढून तिच्याशेजारी मांडी घालून बसले. १०२४ घरं. तिरकी रेघ कशी उतरवायची ते त्यांनी तिला दाखवलं: दोन घरं आडवी, एक खाली, परत दोन आडवी, एक खाली. मधेच तीन घेतली की रेघ मोडली. तिनं मुद्दाम तीन घेऊन बघितली आणि खरंच डोळा तिथं अडखळला. चपलेला जागा होती पाच घरांची. काका म्हणाले, "पट्ट्याला वेगळा रंग दे, नाहीतर लोक वीट समजतील."

जेकार्डचा माग फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराचा. त्याला नक्षी भोकांच्या कार्डांवरून कळते: कार्डाला भोक असलं की धागा उचलला जातो, नसलं की नाही, आणि हीच कार्डं पुढं इंग्लंडच्या बॅबेज या गणितज्ञानं आपल्या गणकयंत्रासाठी घेतली. हे मी शिकताना परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आज काकांच्या बोटांत बघितलं.

दीड वाजता लाईट गेली. खालचे माग थांबले आणि घरात एवढी शांतता पसरली की पंखा नसल्याचंही कुणाला वाईट वाटलं नाही. सकाळपासून आवाज रेकॉर्ड करायचा होता आणि खटखटीपुढे इलाज नव्हता. धावत आजींकडे गेलो, "आजी, ती सकाळची हाक परत एकदा द्या ना." आजींनी साफ नकार दिला. पाणी आलेलं नसताना ओरडायचं कसं? सगळी गल्ली भांडी घेऊन बाहेर येईल, लोकांना फसवायचं का? त्यांचं बरोबरच होतं. शेवटी आतल्या खोलीच्या दाराला, खिडकीला चादरी टांगल्या, दुहेरी. आजी आत बसल्या, मी मोबाईल धरला. त्यांनी आधी घसा साफ केला, पदर सारखा केला आणि सकाळीसारखीच, पोटातून हाक दिली.

दोन मिनिटांत शेजारच्या मावशी कमरेवर घागर घेऊन दारात हजर.

आजींचा चेहरा पडला. मग मावशींना सगळं सांगितलं, लॅपटॉपवरची आजी दाखवली, तेव्हा त्या दाराला टेकून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, मग आजीही. मावशींचं घर कन्नडमधलं. "मग माझंही घ्या," म्हणत त्यांनी "नीरु बंतु" दिलं. आता गेममध्ये मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही हाका आहेत, आणि हाक झाली की शेजारचं दार उघडून एक बाई घागर घेऊन येते.

मावशींनी आणखी एक गोष्ट दिली. खेळताना मी आधी पिंप भरत होते, त्यात गुण जास्त. त्यांना ते बघवेना. "अगं, पिण्याचं आधी! घागरीला फडकं बांध. पाणी मधेच गेलं म्हणजे?" तो नियम आम्ही तसाच घातला. प्यायची घागर भरली नसेल तर बाकीचे सगळे गुण बाद. त्या क्षणापासून गेमला दम आला. आधी खेळणारा नुसता पळत होता, आता त्याला ठरवावं लागतं.

जेवण भाकरी, शेंगाची चटणी, दही. दहा मिनिटांत उठलो.

संध्याकाळ सगळी चपलेत गेली, आणि मला दिवसातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला. पाणी सांडलं की लगेच चप्पल यायची, आणि कुणीही हसत नव्हतं. फेकण्याचा वेग वाढवला, चप्पल मोठी केली, काही फरक नाही. मग मित्र म्हणाला, "आमची आजी आधी बघते बे. काही बोलत नाही. बघते." आजीला बघायला अर्धा सेकंद दिला. नातू जागच्या जागी, पाणी वाहतंय, आजी फक्त मान वळवते. मग चप्पल. चौघंही फुटलो. एक सेकंद करून बघितला, मजा गेली. पाव सेकंदात कळतच नव्हतं. ०.६ वर बसलं. चप्पल लागली की सगळा गेम सहा फ्रेम गोठवला, सेकंदाचा दहावा भाग, तेव्हा फटका खरा वाटायला लागला. एवढ्याशा आकड्यांवर दोन तास गेले आणि एकही मिनिट वाया गेलं असं वाटत नाही.

पावणेनऊला आजींना समोर बसवलं. नातवानं पाणी सांडलं, स्क्रीनवरच्या आजीनं बघितलं, चप्पल आली. आजी हसल्या नाहीत. परत दाखव म्हणाल्या. तीनदा बघितलं आणि म्हणाल्या, "मी डाव्या हातानं फेकते."

चित्र पलटवलं, चपलेची दिशा बदलली, नऊला दोन मिनिटं कमी असताना परत चालवलं. आजींनी मान डोलावली, "हां, आता बराबर," म्हणाल्या आणि पिंपावर झाकण आहे का बघायला खाली गेल्या.