अंपायरचा हरवलेला 'न'

मॅच बघता बघता लेकीने विचारलं, आई अंपायर हा शब्द आला कुठून गं, म्हणून व्युत्पत्तीचा कोश काढला आणि मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं करत आजची अख्खी दुपार त्यातच गेली.

तर अंपायरला आधी सुरुवातीला 'न' होता! मध्ययुगीन इंग्रजीत 'नूम्पर', तो आला जुन्या फ्रेंचमधून, अर्थ 'जोडीतला नसलेला'. दोघांचं भांडण आणि निवाडा करायला तिसरा, जो कुणाच्याच बाजूचा नाही. किती नेमका शब्द आहे ना! पण 'अ नूम्पर' म्हणता म्हणता लोकांना 'अॅन ऊम्पर' ऐकू यायला लागलं आणि १५व्या शतकात तो 'न' गेला तो गेलाच. हे कुठल्या पंडिताने नाही केलेलं, रोज बोलणाऱ्या साध्या माणसांनी केलंय, मला तर हेच फार आवडतं.

एप्रन पण आधी नेप्रन होता, नॅपकिनमध्ये तो 'न' अजून शाबूत आहे बघा. अॅडर हा विषारी साप आधी नॅडर. आणि उलटंही झालंय, निकनेम म्हणजे मूळचं 'अॅन ईकनेम', यातलं ईक म्हणजे आणखीचं, म्हणजे खऱ्या नावावर आणखी एक नाव.

ऑरेंज तर थेट आपलं नारिंग, संस्कृत नारंग, मग फारसी, अरबी असा प्रवास. स्पॅनिशमध्ये अजून नारांखाच म्हणतात, फक्त इंग्रजीत पोचायच्या आधीच वाटेत इटालियन-फ्रेंचकडे त्याचा 'न' गळला.