कॉमेंटमधला कांदा

फोन आला तेव्हा मी विरार लोकलमध्ये उभी होते, अंधेरी अजून दोन स्टेशनं लांब. दादरचे कांदेवाले दादा, हॉटेलांना माल पुरवतात. "ताई, तुमचा कांदा तीन दिवस 2,400 वरच आहे. बाजारात 1,800 चाललाय." आमच्या दरावर विसंबून त्यांनी भाव सांगितला आणि हॉटेलवाल्याने दुसरीकडून माल उचलला.

पहाटे बाजारभावाची पानं उतरवायची, त्यातून किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर काढून ग्राहकांना मेसेज करायचे, हे आमचं काम. दर काढणारा रेजेक्स, म्हणजे मजकुरातून ठरावीक साच्याचा तुकडा शोधणारा पॅटर्न, मी दीड वर्ष जपलाय. त्यातला डॉट-स्टार, म्हणजे 'कोणतीही अक्षरं, कितीही', तक्त्याच्या पहिल्या सेलपासून शेवटच्या सेलपर्यंत सगळं गिळायचा, म्हणून कमीत कमी उचलावं यासाठी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं. डॉट ओळ संपली की थांबायचा, म्हणून ओळ ओलांडू देणारं डॉटऑल दिलं. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये सेल बंद करणारी खूण, म्हणजे टॅग, गाळली तरी चालते, त्याचीही सोय केली.

कोडच्या कामाची नोंद, म्हणजे लॉग, तिन्ही दिवस हिरवा, एकही चूक नाही. ब्राउझरमध्ये 1,800. ब्राउझरमधल्या पानाची रचना दाखवणाऱ्या इन्स्पेक्टमधून कांद्याची ओळ उचलून तिच्यावर पॅटर्न चालवला, तरी 1,800. यात दोन तास गेले. शेवटी पानाचा मूळ सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, वरपासून वाचत आले आणि सापडलं. जुनी ओळ कुणीतरी <!-- आणि --> या खुणांमध्ये, म्हणजे कॉमेंटमध्ये, तशीच ठेवून खाली नवी लिहिली होती. ब्राउझर कॉमेंट दाखवत नाही. रेजेक्सला मात्र ती बाकीच्या अक्षरांसारखीच, आणि आमचा कोड पहिलं जुळेल ते उचलतो.

पान लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही, असं लिहिणं नियमात बसतं. रेजेक्सच्या जागी ब्युटिफुल सूप ही पायथन लायब्ररी लावली. ती पानाची रचना ओळखून कॉमेंट वेगळी काढते. पंधरा ओळींचं काम. गेल्या पावसाळ्यातच मी हे मागितलं होतं, तेव्हा सर म्हणाले, "चालू गाडीला हात कशाला लावायचा?" गाडी चालू नव्हती. आकडा येत होता, एवढंच.

दर रिकामा आला असता तर पहाटेच कळलं असतं. 2,400 हा कांद्याला शोभणारा भाव, म्हणून तो माझ्या नजरेखालून तीनदा गेला. कांदा तीन दिवस एका आकड्यावर थांबत नाही, हे दादांना ठाऊक होतं. माझ्या कोडमध्ये तशी तपासणीच नव्हती.

संध्याकाळी त्यांना फोन करून दुरुस्त झाल्याचं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "आणि लसूण?"

लसणाचं पान दुसऱ्या बाजार समितीचं, ते अजून रेजेक्सवरच चालतं. रात्री त्याचा सोर्स उघडून बसले.