कानावर विसंबू नका: अ‍ॅन आर्बरहून कोलंबसला जाणाऱ्या संघाचा आठवडा

पुढच्या फळीच्या मधोमध उभा असलेला सेंटर चेंडूवर हात ठेवून वाकलेला आहे. शेजारचा गार्ड मान खाली घालून आपल्याच दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे चढाई चालवणाऱ्या खेळाडूकडे, बघतोय. क्वार्टरबॅकने एक पाय किंचित उचलला की गार्ड सेंटरच्या मांडीवर थाप मारतो. सेंटर मान वर करतो, मनातल्या मनात एक आकडा मोजतो आणि चेंडू मागे देतो. याला ‘सायलेंट काउंट’ म्हणतात. एक लाख माणसं ओरडत असताना अमेरिकन फुटबॉल खेळायचा तो असाच.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल काय चीज आहे हे भारतातून कळणं अवघड. मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांचा वार्षिक सामना हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. पहिली गाठ 1897 साली पडली आणि मिशिगनने 34-0 असा विजय मिळवला. 1918 पासून सामना दरवर्षी होतो, खंड पडला तो फक्त 2020 मध्ये, करोनामुळे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणानंतरचा शनिवार, दुपारचे बारा, ही ठरलेली वेळ. सम वर्षी सामना ओहायो स्टेटच्या कोलंबसला, विषम वर्षी मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरला. कोलंबसच्या ओहायो स्टेडियमची क्षमता 1,02,780. वानखेडे तीनदा गच्च भरलं तरी इथे जागा उरेल. मैदानाचा आकार घोड्याच्या नालासारखा, त्यामुळे आवाज बाहेर न जाता आतच घुमतो. दोन्ही विद्यापीठांत मराठी विद्यार्थी आहेत. त्या शनिवारी आपला मुलगा किंवा मुलगी फोन का उचलत नाही, असा प्रश्न घरच्यांना पडला तर कारण हे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी एवढंच: चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं. नाही गेलं तर चेंडू समोरच्याला. प्रत्येक प्रयत्न, म्हणजे ‘प्ले’, चेंडू मागे दिला, म्हणजे ‘स्नॅप’ केला, की सुरू होतो. स्नॅपआधी पुढच्या फळीतला कुणी प्ले सुरू झाल्यासारखा झटक्याने हलला तर ‘फॉल्स स्टार्ट’, 5 यार्डांचा दंड. घरच्या मैदानावर प्रेक्षक आपल्या चढाईच्या वेळी गप्प बसतात, क्वार्टरबॅकचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. परक्या मैदानावर बरोबर उलटं. तुम्ही चढाईला आलात की गर्जना सुरू होते आणि तिसऱ्या प्रयत्नाला ती टोक गाठते.

मुंबई-पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे चटकन कळेल. ऐन मिरवणुकीत ठेका बदलायचा असेल तर कुणी ओरडून सांगत नाही, सगळ्यांचे डोळे पुढच्याच्या हाताकडे असतात. फरक इतकाच की इथे समोर 130 किलोचा माणूस तुमच्या अंगावर यायला टपलेला असतो. खरी अडचण टॅकलची, म्हणजे फळीच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या खेळाडूंची होते. समोरून धावून येणाऱ्याकडे बघायचं की चेंडूकडे? चेंडू हलल्यावर तो हलला, तर अर्धा क्षण उशीर ठरलेलाच. समोरचा बचावपटूही त्याच चेंडूकडे बघत असतो, म्हणजे आवाज ओळखून आधी निघण्याचा चढाईचा फायदा संपला. त्यातून थाप आणि स्नॅप यांमधला वेळ दर वेळी सारखाच राहिला, तर तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नापासून बचावपटू त्या तालावर उडी घेऊ लागतात. म्हणून कधी एका थापेवर, कधी दोन थापांवर, कधी थापेनंतर दोन आकडे मोजून चेंडू सुटतो. कुठला प्रकार, हे प्रत्येक प्लेआधी खेळाडू गोळा होतात त्या घोळक्यातच ठरतं. एकाने विसरायचा अवकाश, पंचाचा दंडाचा पिवळा रुमाल पडलाच.

ही तयारी मंगळवार-बुधवारी होते. सरावाच्या मैदानात मोठे स्पीकर लावून गर्दीचा आवाज सोडतात. चूक इथेच होते. दोन तास एकाच पातळीवर आवाज लावून ठेवला तर खेळाडूंना त्याची सवय होते आणि प्रशिक्षकांची चूक सुधारायची सोयही जाते. खऱ्या मैदानावर आवाज चढतो, उतरतो. म्हणून मंगळवारी नवे डावपेच शांततेत शिकवायचे आणि बुधवारी आवाज आणायचा. तोही घोळका फुटल्यावर चढवायचा, प्ले संपला की बंद. बुधवार तिसऱ्या प्रयत्नाच्या सरावाचा असतो, त्यामुळे हे जुळूनही येतं. ज्या संघाने हा सराव फक्त गुरुवारी अर्धा तास केला, त्याचा पहिला फॉल्स स्टार्ट पहिल्या दहा मिनिटांत बघायला मिळतो.

2024 पासून कॉलेजच्या वरच्या श्रेणीत एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ चालतो. त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. आता आवाजाचा प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटलं. तसं झालेलं नाही. दोन प्लेंच्या मधे 40 सेकंद असतात आणि घड्याळात 15 उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅकला समोरची रचना बदललेली दिसली, तर ते बाकीच्या दहा जणांना त्यालाच सांगायचं आहे, त्याच गोंगाटात. शिवाय हेल्मेटच्या कानाच्या भोकांतून गर्दीचा आवाज आत येतोच, म्हणून क्वार्टरबॅक दोन्ही तळहातांनी ती भोकं दाबून ऐकताना दिसतो. लांबलचक नावाचा प्ले अर्धवट ऐकू आला की घात होतो. यावर उपाय मनगटावरच्या पट्टीचा: तिच्यावर बारीक अक्षरांत क्रमांकवार प्ले छापलेले असतात, प्रशिक्षक फक्त ‘छत्तीस’ म्हणतो. रेडिओ बंद पडला तर काय, याची तालीम वेगळी करावी लागते. हाताच्या खुणा म्हणूनच अजून मोडीत निघालेल्या नाहीत.

समोरचा संघ हुबेहूब उभा करायचं काम स्काउट टीमचं. ही सामन्यात सहसा न खेळणारी मुलं. ती ओहायो स्टेटच्या खेळाडूंचे क्रमांक अंगावर चढवतात आणि प्रशिक्षकाने कार्डावर काढून दिलेली त्यांची रचना तंतोतंत खेळून दाखवतात. ह्या पोरांचं नाव कुठे छापून येत नाही, पण समोरच्या वेगवान धावपटूच्या जागी उभं केलेलं पोर बुधवारी जीव तोडून पळालं नाही, तर शनिवारी बचावफळीचा अंदाज एका पावलाने चुकतो. आम्हाला या सगळ्या तयारीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच काम.

नवे डावपेच मात्र मोजकेच हवेत. वर्षभर झाकून ठेवलेलं सगळं याच आठवड्यात बाहेर काढायचा मोह दोन्हीकडे असतो. पाठ नसलेला प्ले गोंगाटात हमखास फसतो.

आता सामानाचं. दोन्ही शहरांत अंतर साधारण 300 किलोमीटर, आणि यूएस-23 हा महामार्ग अ‍ॅन आर्बरच्या कडेने निघून थेट कोलंबसला जातो. वाटेत टोलेडो. 1835 मध्ये याच पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि तेव्हा अजून राज्य न झालेला मिशिगन प्रदेश यांच्यात भांडण पेटलं होतं. सामानाच्या ट्रकमध्ये हेल्मेट, पॅड, हेल्मेटपुढच्या जास्तीच्या जाळ्या, हनुवटीचे पट्टे, स्क्रू, हवेचे पंप आणि दोन प्रकारचे बूट. 2006 मध्ये ओहायो स्टेडियमचं गवत इतकं उखडलं होतं की खेळाडू घसरत होते. 2007 पासून कृत्रिम मैदान आहे, त्यामुळे लांब खिळ्यांचे बूट इथे कामाचे नाहीत. आखूड, अखंड साच्यातले खुंट असलेले बूट लागतात.

चेंडू प्रत्येक संघ आपापले आणतो. कोऱ्या चेंडूच्या चामड्यावर मेणचट थर असतो. तो ब्रशने घासून काढावा लागतो, नाहीतर थंडीत बोटं सरकतात. हवेचा दाब 12.5 ते 13.5 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असा नियम आहे. उबदार खोलीत 13 भरलेला चेंडू शून्य अंश तापमानात बाहेर नेला की दाब दोनेक पीएसआयने उतरतो. चेंडू हाताला मऊ लागतो, आणि लाथ मारल्यावर तेवढा उडत नाही. म्हणून नोव्हेंबरअखेरीस शहाणा क्वार्टरबॅक आणि किकर (लाथेने चेंडू खांबांमधून धाडून गुण मिळवणारा) आठवडाभर बाहेर थंडीत ठेवलेल्या चेंडूनेच सराव करतात.

किकरचं महत्त्व या सामन्यात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 25 नोव्हेंबर 1950 ला कोलंबसला बर्फाचं वादळ होतं. मिशिगनला सबंध सामन्यात एकदाही 10 यार्ड पूर्ण करता आले नाहीत. एकूण चाल 27 यार्डांची. चेंडू लाथेने दूर धाडायची वेळ त्यांच्यावर 24 वेळा आली. तरीही ते 9-3 जिंकले, कारण समोरच्याच्या दोन लाथा त्यांनी अडवल्या आणि नऊही गुण त्यातून आले. 2024 मध्येही निकाल 13-10 असाच निसटता. मिशिगनचा किकर डॉमिनिक झ्वाडाने आधी 54 यार्डांवरून गुण घेतले होते, मग 45 सेकंद राहिले असताना 21 यार्डांवरून विजयी लाथ मारली. ओहायो स्टेटच्या दोन लाथा हुकल्या होत्या. म्हणून किकर मैदानात लवकर उतरतो, दोन्ही टोकांकडे लाथा मारून वारा जोखतो आणि प्रशिक्षकाला दोन आकडे देतो: या दिशेला इतक्या यार्डांपर्यंत, त्या दिशेला तितक्या. चेंडू मागे येऊन, टेकवून, लाथ बसेपर्यंत सगळं 1.3 सेकंदांच्या आसपास आटपायला हवं. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चेंडू टेकवणारा माणूस दशांशभर चुकला तरी समोरचा हात आडवा येतो.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण. टर्की, बटाटे, सॉस, सगळंच जड आणि खारट. आहारतज्ज्ञ ते दुपारी उरकायला लावतात, रात्रीपर्यंत लांबवत नाहीत. शनिवारी बाराचा सामना म्हणजे आठच्या सुमारास न्याहारी: अंडी, पास्ता, चिकन, फळं. आठवड्याचे बाकी दिवसही त्यामुळे लवकर उठायचं, शरीराला त्या वेळेची सवय लावायची.

एक तालीम सामना संपल्यानंतरच्या पाच मिनिटांची करायला हवी, आणि तीच राहून जाते. 2024 ला विजयानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला. ही दोन्ही विद्यापीठं ज्या गटात खेळतात त्या बिग टेनने दोघांनाही प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड केला. कोणत्या प्रशिक्षकाने कोणत्या दहा जणांना घेऊन बोगद्याकडे वळायचं, झेंडा कुणाच्या हातात राहील, हस्तांदोलनाला कोण थांबेल, हे शुक्रवारी रिकाम्या मैदानावर चालून बघायला पंधरा मिनिटं पुरतात. त्याच फेरीत सेंटर आणि दोन्ही गार्ड कोपऱ्यात वाकून शेवटच्या वीसेक थापा मोजून घेतात, एकही शब्द न बोलता.